दुपारची डुलकी

‘दुपारी झोपाल तर लवकर मराल’ ही बातमी टीव्हीवर पाहिल्यापासून शिंपी दुपारी टक्क जागा असायचा. आज दातांच्या दवाखान्यात शेजारी एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं.

“अहो, आपला डॉक्टर भाचा म्हणाला, तो प्रयोग उंदरांवर केला होता.”

“उंदरांवर? मग मेले का ते?”

“छे! नुसते जाड झाले. बाकीची भर बातमीवाल्यांनी पदरची घातली.”

“आणि तू महिनाभर माझ्या उशाशी ताट बडवत होतीस!”

“मग? जाऊ देऊ तुम्हाला?”

“...आज झोपू ना?”

“खुशाल झोपा. मीही झोपते. तुमची राखण करून जीव मेटाकुटीला आलाय.”

शिंप्याचा नंबर पुकारला, तेव्हा तो भिंतीला टेकून घोरत होता.