माह्याच हातचा भात

हॅलो?… हॅलो… नाई वं, रीना नोहे. मी हाय. धुरपता… हो, तुही नणंदच. ठेवू नको, दीपमाला, तुले तुह्या पोराची आन हाय… माह्या फोनवरून केला तं तू उचलत नाई, म्हनून पोरीचा घेतला…

हळूच बोला लागते. आंगनात बाया बसल्या हायेत, लगनाचे तांदूळ निवडून राहिल्या… दहा-बारा असतीन… वच्छला? ती नाई राहीन तं कोन राहीन! सुपडं घेऊन सगळ्यात समोर बसली हाय. मी आतल्या खोलीत हाय, दार लोटून.

नाई, नाई… पोळ्याचं नाई बोलून राहिली. नको करू तू. मटक्यावरच्या लांब पोळ्या नाई झाल्या म्हनून का रीनाचं लगन अडते? दुसऱ्याच कामाले केला फोन… आयक तं आंधी.

पकडलं मले.

हो… पोटच. सकाळी सहा वाजतापासून. तेच, बेंबीच्या खाली, मुठीत धरून पिळल्यावानी… थांब… बोलू नको… … … हं. गेली. पाच-पाच मिनटानं येते अन् जाते. कळ आली का मी चूप राहीन, तू फोन ठेवू नको.

गाडी बलावली ना! रीनानं लावला एकशे आठले. तुमसरवरून येऊन राहिली, अर्धा तास म्हने… धर्मेंद्रले नको सांगू अबी. माहा भाऊ हाय, मले मालूम हाय, मोठा रडक्या हाय तो. माह्या आंधी त्यालेच सलाइन लावा लागन.

उलटी दोनदा झाली. हिरवी… गॅस नाई, काई नाई. फुगलं अन् गप्प झालं पोट. तेच तं म्हनतो, गप्प झालं.

तुले सांगू का… रोज निजताना मी पोटावर हात ठेवतो. दोन वर्ष झाले. गुडगुड झाली का झोप लागते. नाई झाली तं डोळे टक्क. घरचे टीव्ही पाह्यतेत, मी पोट आयकतो. कोनी बोलून राहिलं असलं समोर तं माहं अर्धं ध्यान तथीच, खाली. पोट बोलते तवरी धुरपता हाय, असं झालं बाप्पा माहं. घास गिळला का वाटते, हाच का? हाच का तो?

अं?… तुले कोनी सांगितलंच नाई का आजवर? कमाल हाय. अवं, सा वर्षाआधी माह्यं पिशवीचं ऑपरेशन नाई झालं का? तवा आतमंदी जे भरून आलं ना, त्याच्या दोऱ्या बनल्या म्हने. आतडे एकमेकाले चिकटले. मंग एखाद्या रोजी आतडं त्या दोरीत अडकते, पीळ पडते. मोटारीचा पाइप दुमडला तं धानाच्या बांधीत पानी जाते का? तसं… नाई, दवाई नाई त्याले. पोट फाडून सोडवलं तं तथी आनखी चिकटते. म्हनून डॉक्टर नाकातून नळी टाकतेत, घान ओढून घेतेत, तोंडात पान्याचा थेंब पडू देत नाई. अन् मंग सारा वार्ड वाट पाह्यते, धुरपता पादली का म्हनून… हास, हास. मागच्या बारीले चौथ्या दिवशी सरला वारा, तं रीनानं पेढे वाटाचे तेवढे बाकी ठेवले होते.

पन नळी… ती नळी नाकातून घशात उतरते ना… मले घरी आल्यावरबी महिनाभर वाटते का ती हायेच. जेवता जेवता नाकाले हात लावून पाह्यतो मी. रीना म्हनते, आई, नाई हाय वं नळी. मले मालूम हाय नाई हाय. तरी पाह्यतो.

थांब… … … आली… … …

हॅलो… हाय ना तू?… बरं.

आयक. मागच्या टायमालेच डॉक्टर बोलला, आता पकडलं तं नळीनं सुटन याचा भरोसा नाई, फाडा लागन. अन् माह्या शुगरचं तुले मालूम हाय… नाई वं, मी काई मरूनच जाईन असं नाई म्हनून राहिली. रीनाचं लगन पाह्याचं हाय मले. पन गेली तं? सांग ना. मी गेली तं तुह्यं काय होईन? सकाळपासून तेच डोक्यात घुमून राहिलं. मी तं सुटून जाईन, अन् तू जलमभर जादूवाली राहशीन.

काय काहून म्हनते… तुले मालूम नाई का काहून? बोलू दे मले आज. मधात नको बोलू.

तुह्या घरी वास्त्याची भाजी केली होती, आठवते? आषाढात. धर्मेंद्रनं जंगलातून बांबूचे कवळे कोंब आनले होते, तूच सोलले, तूच चिरले. अन् मले त्याच उन्हाळ्यात एकदा पकडून झालं होतं. दोन दिवसात सुटलं, म्हनून कोनाले जास्ती सांगितलं नाई. डॉक्टरनं कागदावर लिहून देल्लं होतं, रेषेवालं काई खाचं नाई, बांबू तं बिलकुलच नाई. मी तुले सांगितलं का? नाई सांगितलं. लाज वाटली मले. भावाच्या घरी बसून हे नको, ते नको, म्हातारीवानी कायले करा? अन् भाजी अशी झाली होती का… दोनदा मांगून घेतली मी. तू तं म्हनली होती, बाई, पुरे, जड असते. तूच म्हनली होती!

मंग संध्याकाळी आंगनात लोळली मी. अख्खी आळी जमा झाली. वच्छलानं इचारलं, कोनाच्या घरी जेवली वं? अन् मी म्हनलं…

हो. तेच म्हनलं. तिनंच काईतरी चारलं मले, तिनंच करनी केली.

नाई… नाई, आयक ना. बेहोश नोती मी. साऱ्याईले मी तेच सांगतो, का मी शुद्धीवर नोती, काय बोलली ते मलेच मालूम नाई. तुलेबी तेच सांगितलं, दवाखान्यात आली होती तवा. ते खोटं हाय, दीपमाला. चांगली शुद्धीवर होती मी. वच्छलाच्या लुगड्याचा काठ हिरवा होता, आताबी दिसते मले डोळ्यासमोर.

कायले म्हनली?… आता काय सांगू कायले. सारे पाहून राहिले होते माह्याकडं. माह्याच जिभेनं घात केला असं सांगाची शरम वाटली. तुह्यावर टाकलं तं सोपं गेलं. तेवढंच. दुसरं कारन राहतं तं सांगितलं असतं.

हॅलो?… हाय का?… दीपमाला?…

दे, शिव्या दे. चूप नको राहू तेवढी. माहं पोट चूप, तूबी चूप… दे ना वं शिव्या.

मालूम हाय… मालूम हाय मले. तुह्या दारात लिंबू कोन फेकलं तेबी मालूम हाय. पोरं तुह्या घरासमोरून धावत जातेत तेबी पाह्यलं. अन् दोन उन्हाळे झाले, गावात एवढे लगनं झाले, एका मानसानं तुले पोळ्याले बलावलं नाई. ज्या बाईच्या हातची पोळी हातभर लांब अन् आरपार दिसन अशी, तिले! विहारात बसून आपन म्हनतो, आमी असलं काई मानत नाई. अन् घरी आलो का मानतो.

खीर?… हो. तेबी बोलतो.

बुद्धपौर्णिमेले तू खीर वाटून राहिली होती. माह्यासमोर वाटी धरली. मी हात मांगं घेतला. साऱ्याईनं पाह्यलं… तुले वाटलं, धुरपताबी मले भेते. नाई वं! तुले नाई भेली मी, माह्या पोटाले भेली. त्या दिवशी सकाळपासूनच गप्प होतं ते. मी म्हनलं, आता मी ही खीर खाईन अन् संध्याकाळी पकडन, मंग ही बाई या गावात राहू शकत नाई. तुह्यासाठी नाई खाल्ली मी. अन् नाई खाल्ली म्हनून तं लोकाईले पक्कं झालं. धरलं तं चावते, सोडलं तं पळते. दोन वर्ष तुह्या घरी येवाचं मनात येते, चपला घालतो, अन् वाटते, पानी जरी पेली अन् आज पकडलं तं?… पुन्हा चपला काढतो.

थांब… थांब… … अगा माय… … … …

हं… हं. हाय मी. ही मोठी होती.

आता मुद्द्याची गोष्ट आयक. काल मी काय खाल्लं? मऊ भात अन् ताक. माह्या चुलीवरचा, माह्याच हातचा भात. सकाळी अर्धा कप चाय, तीबी माह्याच हातची. तू तं तीन महिने झाले, माह्या दाराकडं फिरकली नाई. तरी पकडलं ना? समजून राहिलं का तुले? पह्यली कळ आली तवा भेली मी, घाम फुटला. अन् मंग हसली, दीपमाला. खाटेवर पडल्या पडल्या हसली. म्हनलं, घ्या आता कोनाचं नाव घेता!

दुरून केली म्हनतीन?… हो, म्हनतीन. वच्छलाच म्हनन पह्यले. म्हनून तं तुले बलावून राहिली. ये तू. आत्ताच ये. गाडीत माह्यासंग बस, साऱ्याईले दिसू दे… कोन मारन? माह्या आंगनात कोन हात लावते तुले?… नाई… अवं, नाई… टोलीवरच्या तुह्या घरून इथवर दहा मिनटं लागत नाई…

काय म्हनली?

आंधी मी सांगू?… साऱ्याईसमोर?…

…

बराबर हाय. बराबर हाय तुह्यं. ज्या आंगनात बोलली त्याच आंगनात सांगा लागन. मी इथं दार लोटून तुह्या कानात सांगून काय उपेग. फोन नको ठेवू. आयक तू.

रीना… ए रीना, हात दे मले… काई नाई होत, भिंत धरतो… हो, फोनवर तुही मामीच हाय. चल, बाहेर घे मले. आता नको रडू, मंग रड.

ए बायाहो… सुपडे ठेवा खाली. वच्छला, ठेव. मले आज पुन्हा पकडलं. गाडी येऊन राहिली… उठू नका, बसा, कोनी जवळ येऊ नका. आंधी आयका. कोनाच्या घरचं नाई खाल्लं मी. माह्याच हातचा भात खाल्ला, अन् पकडलं. दोन वर्षाआधी याच आंगनात लोळता लोळता मी म्हनलं होतं, दीपमालानं चारलं, करनी केली. मी खोटं बोलली. हो, खोटं! शुद्धीवर होती अन् खोटं बोलली. डॉक्टरनं मना केलेली भाजी मी मांगून मांगून खाल्ली, तिनं तं पुरे म्हनलं होतं. तिनं काई नाई केलं. हा पोटाचा रोग हाय, ऑपरेशनचा. मी वापस आली तं आली. नाई आली तं तिचं नाव कोनी घ्याचं नाई… वच्छला, खाली नको पाहू. खडे सरले त्या तांदळातले, कवापासून तेच ते सुपडं हालवून राहिली.

… … थांबा… … हं… …

दीपमाला… आयकलं का?… कोनी काई बोलून नाई राहिलं इथं. बोल ना वं तू तरी… हॅलो…

धाप कायची लागली तुले? चालून राहिली का?… कवापासून?… वास्त्याचं काढलं तवापासून? अन् मले इथं भाषन देवाले लावलं! बदमाश… रडू नको. रस्ता पाह्य खाली, नाली खोदून ठेवली हाय तथी… विहाराच्या समोर आली?… हो, भोंगा मलेबी आयकू येऊन राहिला. गाडीच हाय. लवकर पाय उचल, गाडीच्या आंधी ये.

दिसली. दिसली मले तू.

कवाडापाशी काहून थांबली?… ये आत… कोनी सरकून नाई राहिलं तं तांदळावर पाय देऊन ये. रीनाच्या लगनाचे हायेत, तिची मामी हाय तू. ये… हां… अशी… बस इथं. हात ठेव पोटावर. साऱ्याईले दिसू दे, ठेव… गप्प हाय ना?… तुहा हात किती थंडा हाय वं…

अन् फोन कायले धरला अजून कानाले? ठेव ना आता.