गल्फमधला बर्फ

आमच्या घरात एक नियम आहे, तुम्हाला सांगते. मोठ्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायचा नाही. गेल्या जानेवारीत, ऐन माझ्या ड्रायव्हिंग टेस्टच्या सकाळी, हे काका काकूला घेऊन दोह्यातल्या अल हिलालहून थेट आमच्या अल सद्दच्या फ्लॅटवर हजर. डोक्याला कानटोपी, हातात फोन.

"टेस्ट रद्द कर. गल्फमध्ये पाऊस आणि बर्फ एकदम पडणार आहे. गाड्या घसरणार. बातमी आलीय!"

"काका, बाहेर कडक ऊन आहे."

"दादा सांगतोय ना? खलास, विषय संपला," बाबा म्हणाले. ही तारीख मिळवायला मी किती खेटे घातले होते, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात काकूने माझ्या हातात जाड्या मिठाची पिशवी ठेवली. "रस्त्यावर टाकायला, बर्फ वितळतो. बातमीच्या व्हिडिओत टाकतात बघ."

मी काकांच्या फोनवर तो व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला.

"काका, यात तापमान बत्तीस दाखवलंय. बत्तीसला बर्फ पडतो?"

"तेच तर संकट आहे!"

"संकट अमेरिकेत आहे. तिथे फॅरनहाइटमध्ये मोजतात, त्यांचं बत्तीस म्हणजे आपलं शून्य. आणि गल्फ त्यांच्याकडेही आहे, मेक्सिकोचं आखात."

काकांनी फोन परत घेतला. "असेल. तरी मोठ्यांचं ऐकावं."

"नाही ऐकणार. टेस्ट आजच देणार." मी पिशवी काकूला परत दिली. "हे आमटीत घाल."

काकांनी हळूच कानटोपी काढली.