तीन कप मैदा म्हणजे किती?

नाही, मला एक सांगा, कप म्हणजे किती? ...चहाचा? कॉफीचा? की शर्यत जिंकल्यावर मिळतो तो? हसू नका! पंचवीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलीत मी, तिथे एक मिलिग्रॅम चुकला तर माणूस... जाऊ दे, शुभकार्याचं बोलतोय. तर आमच्या लेकीचं लग्न ठरलं, आणि केक कोणी करायचा? आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी! लेकीने लहानपणीच कबूल करून घेतलेलं. आणि नेमकं लग्नाच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं! डॉक्टर म्हणाले, "त्यानंतर महिनाभर ओव्हनसमोर जायचं नाही." बायकोने माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, त्या नजरेवर अपील नसतं.

मी म्हटलं, "आई, ऑपरेशनआधी एकदा करून दाखवा, मी सगळं वजनात लिहून घेतो." काटा मांडला, चष्मा पुसला.

"तीन कप मैदा," त्या म्हणाल्या.

"कप म्हणजे किती, आई?"

"अहो जावईबापू, कप म्हणजे कप!"

पहिला कप चाळून, हलक्या हाताने... एकशे बारा ग्रॅम. दुसरा थेट डब्यात खुपसून... एकशे अठ्ठावीस. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या जाऊबाईंचा फोन आला, काय बोलणं झालं देव जाणे, पण तो मैदा असा दाबला, असा दाबला... एकशे सेहेचाळीस!

"आई, हे तिन्ही सारखेच?"

"मग? मी कप बदलला का?"

साखरेचा कप दोनशे, कोकोचा पंचाऐंशी, आणि कप तोच! मग सांगा ना, कप म्हणजे किती?

लग्नाच्या आदल्या दिवशी मी ओट्यापाशी. मैदा तीनशे शहाऐंशी, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. सासूबाई डोळ्याला पट्टी लावून दारात खुर्चीवर. मी घोटतोय, घाम गाळतोय, आणि मागून आवाज, "चमचा जड वाजतोय."

वाजतोय!

"आई, वजन बरोबर आहे हो!"

"अंडी लहान असतील या खेपेला. दूध घाला."

"किती मिली?"

"घाला हो, मी पुरे म्हणेपर्यंत."

एका हाताने धार धरली, दुसऱ्याने घोटतोय, त्या कान देऊन बसलेल्या... "पुरे!" आणि या गडबडीत दूध मोजायचंच राहिलं! माझ्याकडून! पंचवीस वर्षांच्या औषधवाल्याकडून!

केक? अहो, काय फुगला! लेकीने पहिला घास घेतला आणि आजीच्या गळ्यातच पडली. "तुझाच आहे हा!"

"छे गं, तुझ्या बाबांनी केलाय."

मी लगेच लेकीला दुसरा तुकडा कापून दिला... न मोजता!

नव्या घरी निघताना लेक म्हणते, "बाबा, तो ग्रॅमवाला कागद दे ना." दिला. सुवाच्य अक्षरात मैदा, साखर, कोको, सगळं अगदी ग्रॅममध्ये. फक्त शेवटची ओळ तेवढी... "दूध: आजीला फोन करणे."