धागा दोनच बोटे सरकला

मी, खाली सही करणार, वय ४४ वर्षे, धंदा गाड्यांच्या सीटच्या गाद्या व कव्हरे शिवणे, राहणार नदीकडच्या रस्त्यावरील गॅरेजच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, सदर गॅरेज माझे पती चालवतात. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, मला गादीवाली म्हणतात. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी धंद्याच्या जागी आधी 'गृहिणी' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. गॅरेजच्या पाटीवरही माझ्या कामाचा उल्लेख नाही.

या प्रकरणातली हिरवी, चारही चाकांनी ओढणारी गाडी माझ्या नणंदेच्या नवऱ्याची आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. नणंद ही मिस्त्रींची धाकटी बहीण. मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वी ती गाडी उंच केली, मोठी चाके घातली आणि मागचे वजन झेलणारे लोखंडी पाटे बदलून ट्रकला शोभतील असे जाड पाटे बसवले. तेव्हा भावोजी पाण्याच्या टाक्या, पेट्या, तंबू असा संसार लादून रानावनात राहायला जाणार होते. एकदा जाऊन आले. पाठ धरली, डास चावले, हौस फिटली. टाक्या आणि पेट्या उतरल्या, त्या जागी सीट बसवली, पाटे मात्र तेच राहिले. ओझ्यासाठी बांधलेली गाडी रिकामी पळवली की मागून लाथा झाडते, हे कळायला मिस्त्री असावे लागत नाही.

त्या मागच्या सीटवर नणंद बसायची, कारण पुढे भावोजींचा मित्र बसायचा. मित्र रस्ता दाखवायचा. जिथे रस्ताच नाही तिथे तो काय दाखवत होता, ते त्याला विचारावे. मागे बांधायला पट्टा नव्हता.

नणंद केस कापायचे दुकान चालवते. दिवसभर उभी असते. साधारण तीन महिन्यांपूर्वी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, काहीतरी कर गं. पुढे खड्डा दिसला की मी आधीच दात आवळते. परवा जीभ चावली गेली. दादाला सांगितलं तर म्हणतो, तू वजन वाढव, मग गाडी मऊ लागेल."

मी त्याच दिवशी गाडीखाली शिरून मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांडीला, नळीच्या तोंडाशी, माझ्या मशीनवरचा लाल धागा बांधला. शॉकअप दबला की नळी धाग्याला ढकलते, आणि गाडी परत आल्यावर धागा किती सरकला त्यावरून मागची बाजू किती दबली ते कळते. ही युक्ती मिस्त्रींचीच आहे. घट्ट बसेल पण ढकलल्यावर सरकेल अशी गाठही त्यांनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शिकवली. त्या काळात ते मला काही ना काही दाखवत असत.

भावोजी गाडी खाणीच्या रस्त्यावरून फिरवून आले. धागा दोनच बोटे सरकला होता. म्हणजे पाटे जवळपास दबतच नव्हते, सगळा दणका सरळ सीटला आणि सीटवरून माणसाच्या पाठीला. मी मिस्त्रींना बोलावून धागा दाखवला आणि म्हटले, "अहो, दोन पाटे काढा. आणि शॉकअप लांब घाला, गाडी उंच केली तरी जुने आखूडच ठेवलेत." ते म्हणाले, "तू फोम बघ. लोखंडात नाक खुपसू नकोस."

पाटे काढले की गाडी मागून खाली बसते, ही खरी अडचण होती. याच पाट्यांवर ही गाडी डोंगरातल्या शर्यतीत पहिली आली होती. तिचा मोठा फोटो गॅरेजच्या भिंतीवर आहे आणि गिऱ्हाईक तो बघूनच आत येते. आमच्या लग्नाचा फोटो कपाटात आहे. भावोजींचेही म्हणणे तेच पडले. "वहिनी, मागून बसली तर गाडी म्हातारी दिसते," असे ते म्हणाले. बसणारी बाई म्हातारी झाली तरी त्यांना चालणार होते.

दोघांनी मिळून तोडगा काढला की गादी जाड करावी. मी आधी चार इंचांची केली. फरक पडला नाही. मग मिस्त्रींनी सहा इंच सांगितले, मी सहा इंच केली. नणंदेला बसवून पाहिले तेव्हा तिचे डोके आणि वरचा आडवा लोखंडी पाइप यांच्यामध्ये जेमतेम आडवा हात मावत होता. डोके लागेल, असे मी मिस्त्रींना सांगितले. चालत्या गाडीत कोणी नाचत नाही, असे उत्तर मिळाले. म्हणून मी कोणी न सांगता त्या पाइपला फोमचे जाड आवरण शिवून घातले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ते काढून माझ्या मशीनवर आणून टाकले. "गाडीला स्वेटर घातल्यासारखं दिसतंय," म्हणाले. भावोजी हसले. नणंदही हसली. मीही हसले असेन.

गेल्या रविवारी खाणीच्या रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या आडव्या चरीत गाडी आदळली. भावोजी सांगतात की वेग बेताचा होता. मी तिथे नव्हते, तेव्हा वेगाबद्दल काही सांगू शकत नाही. मागची बाजू उडाली, नणंद गादीवरून वर फेकली गेली आणि तिचे डोके पाइपवर आपटले. पुढे दोघांचे बोलणे चालू असल्याने ती मागे निपचित पडली आहे हे बराच वेळ कोणाला कळले नाही. हे भावोजींनीच मला सांगितले आणि मग ते रडले.

नणंदेच्या मानेच्या मणक्याला इजा आहे. उजव्या हाताची बोटे मिटत नाहीत. मी तिच्या हातात चमचा दिला तो पांघरुणावर पडला. तिने तो डाव्या हाताने उचलला आणि म्हणाली, "गिऱ्हाइकांच्या कानाशी आता या हाताने कात्री नेऊ का?" मग म्हणाली, "वहिनी, सगळे म्हणतात गादी उंच होती." मी म्हटले, "होती." त्या दिवशी मला याहून जास्त बोलता आले नाही.

सोमवारी सकाळी मी रुग्णालयातून परत आले तेव्हा गाडी गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेली होती. मिस्त्री मागचे पाटे उतरवत होते. त्यांनी दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला, आखूड शॉकअप काढून लांब घातले आणि दुपारच्या जेवणाला हात धुऊन वर आले. जे काम तीन महिने होत नव्हते ते एका सकाळीत झाले. मला वाटले, बहिणीचे हाल बघून त्यांना पाझर फुटला. मी त्यांना न मागता चहा करून दिला. त्या चहाचा मला आता फार राग येतो.

मंगळवारी पोलीस गाडी बघायला आले. साहेबांनी स्वतः ती खाणीच्या रस्त्यावर चालवून पाहिली आणि मागची बाजू मऊ चालते, दोष आढळला नाही, असे लिहून नेले. सोमवारच्या कामाची घाई कशासाठी होती ते मला तेव्हा कळले. मिस्त्रींचा जबाब मला आज वाचून दाखवण्यात आला. गाडीत खोट नव्हती, सीटचे काम पत्नीचे आहे, तिचा धंदा स्वतंत्र आहे आणि त्यात आपण लक्ष घालत नाही, असे त्यांनी सांगितले आहे. लग्नाला एकवीस वर्षे झाली. आजवर पाहुण्यांत आणि गिऱ्हाइकांत 'ती जरा शिवते' एवढेच सांगणाऱ्या माणसाने माझा धंदा स्वतंत्र असल्याचे पहिल्यांदा कबूल केले ते पोलिसांपुढे.

काल संध्याकाळी मिस्त्रींनी मला समजावले. "तू बाई माणूस. तुला समज देऊन सोडतील. माझं गॅरेज बंद पडलं तर खायचं काय? मापात चूक झाली म्हण, विषय संपला." मी विचारले, "आणि तुमच्या बहिणीला काय सांगायचं?" त्यावर ते म्हणाले, "तिला कशाला सांगायचं? ती होईल बरी."

तरी मी सांगते की मापात चूक झालेली नाही. गादी उंच होती, ती मी केली, आणि त्याबद्दल जे काही होईल ते मी सोसेन. दणका माझा नव्हता. बहिणीची मान मोडल्यावरही ज्यांना आधी गॅरेज आठवले, त्यांच्यासाठी मी खोटे बोलणार नाही.

काढलेले दोन पाटे मिस्त्रींनी माझ्या कापायच्या टेबलाखाली, माझ्याच रेग्झिनच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले आहेत, ते मी दाखवीन. पाइपचे आवरण सोबत आणले आहे. उतरवलेला शॉकअपही भंगाराच्या पिंपातून काढून आणला आहे. त्याच्या दांडीला माझा लाल धागा अजून आहे. मिस्त्री तो काढायचा विसरले. रविवारी एवढी गाडी आदळली तरी धागा पूर्वीच्या जागेपुढे हललेला नाही. नळीच्या तोंडापासून दोनच बोटे.

मिस्त्री बाहेर बाकावर बसून आहेत. दार उघडे असल्याने त्यांना ऐकू जाते. मी पिशवीतून शॉकअप काढून टेबलावर ठेवला तेव्हा ते दारात आले आणि म्हणाले, "धागा काय, कोणीही बांधेल." हवालदारांनी त्यांना जागेवर बसायला सांगितले. मी त्यांना म्हटले, "गाठ बघा. तुम्हीच शिकवलेली आहे." ते गाठीकडे न बघता बाकावर जाऊन बसले.

वरील जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे आणि खरा आहे. दोन दुरुस्त्या मी करायला लावल्या. मिस्त्री बाहेर बाकावर बसून आहेत असे वर आले आहे. वाचून होईपर्यंत बाक रिकामा झाला होता. तसेच माझा राहण्याचा पत्ता खोडून तिथे नणंदेच्या दुकानामागची खोली असा लिहावा. आज इथे येण्याआधी मी तिला सगळे सांगितले, तेव्हा तिनेच डाव्या हाताने उशीखालची किल्ली काढून दिली.