दुसऱ्या सहीचा रकाना

हॅलो?… हो, मीच. बोल ना… अगं, कसला त्रास? जेवणाची सुट्टी आहे. म्हणजे डबा उघडलाय आणि समोर प्रुफांचा ढीग आहे, त्यालाच आता सुट्टी म्हणायचं.

चष्मा? आहे, आहे. तुझ्या खणातच होता, मी काढून ठेवला. महिनाभर काय करत होतीस मग?… भाऊजींचा? अगं बाई! दोघांत एक चष्मा? मग पेपर कोण आधी वाचतं?… हा हा, बरोबर आहे. त्यांना काय घाई आहे!

इथे? इथे आनंदीआनंद. चौदातले पाच उरलोय आणि काम तेवढंच. तेवढंच कुठलं, वाढलंय! पण टाळ्यासाहेब म्हणतात, आपण आता ‘चपळ’ झालोय… हो, अजून वाजवतो. रोज सकाळी उभं करतो आणि टाळ्या. काल कशाबद्दल वाजवल्या माहितीय? प्रिंटर दुरुस्त झाला म्हणून. आम्ही पाच जण प्रिंटरसाठी टाळ्या वाजवत होतो. तुम्ही नऊ जण गेलात तेव्हा एक टाळी नाही वाजली.

आणि ऐक ना, आता दाराशी फळा लावलाय. मनःस्थितीचा! आल्या आल्या आपल्या नावापुढे चेहरा चिकटवायचा. तीनच चेहरे आहेत. हसरा, जास्त हसरा आणि अंगठा वर केलेला… नाही गं, रडका नाहीच छापलाय. छपाईच्या कॅमेऱ्यावरच्या त्या माणसानं विचारलं, रडका कुठाय? तर म्हणे, मागणी नव्हती!

तुझी खुर्ची?… अं… आहे की.

बरं, सांगते. झाड ठेवलंय त्यावर. कुंडीतलं… खरंच. शपथ. रिकामी खुर्ची बघून माणसांचा उत्साह जातो म्हणे. प्लास्टिकचं आहे, पाणीसुद्धा मागत नाही. साहेबांना असाच कर्मचारी हवा होता.

वाचतेय ना. वाचते… मोठ्यानं? हो, म्हणजे… सुरुवातीला वाचायचे. झाडाला. मग ते हिशेबातले लोक बघायला लागले.

अगं, ओरडू नकोस! कोण बसणार माझ्यासमोर? एकोणीस वर्षं तू मूळ प्रत वाचलीस, मी छपाईवर बोट फिरवलं. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं. आता दोन्ही कागद माझ्याच पुढ्यात. डावीकडे बघते, उजवीकडे बघते, संध्याकाळी मान वळत नाही.

सही?… तुझी नि माझी, दोन्ही मीच करते.

हो. दोन्ही रकान्यांत. साहेबच म्हणाले, ‘सध्यापुरतं करा’… अगं, मला का कळत नाही? पण नाही म्हटलं तर उद्या माझ्या खुर्चीवरही झाड येईल! मुलीचं शेवटचं वर्ष आहे… माहितीय. तुला सगळं माहितीय.

ऐक… मला तुझी फार आठवण येते गं. इथे कुणाशी भांडायलाच मिळत नाही.

आज? आज सकाळी लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं केलं. खोक्यावरचा मजकूर. अडीच वाजता मशीनवर चढणार… केली ना सही. दोन्ही… नको गं, आता कशाला? भात गार होतोय… बरं, बरं, बाई! आण कागद. भाऊजींकडून चष्मा घे.

कशावर लिहितेयस?… कॅलेंडरच्या मागे? चालेल.

ही मूळ प्रत. वय दोन ते सहा वर्षे. पूर्णविराम. एका वेळी दोन पॉइंट पाच एमएल. पूर्णविराम. दिवसातून तीन वेळा. पूर्णविराम. लिहिलंस? आता छापलेलं. तू कागदावर बोट ठेव, मी वाचते. वय दोन ते सहा वर्षे. पूर्णविराम. एका वेळी पंचवीस एमएल. पूर्णविराम. दिवसातून—

काय?… काय म्हणालीस?

थांब. थांब, परत बघते… दोन… पाच…

पॉइंट नाही.

अगं, पॉइंट नाहीये! मी बघितलं होतं. डोळ्यांनी बघितलं होतं गं, मला दिसला होता… दोन वर्षांच्या पोराला पंचवीस! फोन ठेवू नकोस. तशीच थांब. सव्वादोन झाले. जिना उतरते.

साहेब! साहेब, मशीन लावू नका. औषधाचं खोकं… नाही, उद्या नाही, आत्ता. हे बघा, हे मूळ आणि हे छापलेलं. दहापट. लहान मुलांचं आहे… हो, सही माझीच आहे. दोन्ही माझ्याच आहेत, ‘सध्यापुरत्या’… फोनवर? हिनंच पकडलं. तुम्ही काढलंत ना, ती. घरी स्वयंपाकघरात बसून पकडलं, नवऱ्याच्या चष्म्यानं.

…टाळ्या काय वाजवताय, साहेब?

अगं, ऐकलंस? साहेब फार खूश झालेत. म्हणतात, छान तोडगा निघाला. रोज दुपारी मी तुला फोनवर वाचून दाखवायचं. तू घरूनच ऐकायचं. ‘जुन्या नात्यानं’… पगार? साहेब, ती पगाराचं विचारतेय… नाही म्हणतात. मैत्रीत कसला पगार!

काय?… परत बोल, स्पीकरवर टाकते… नको? त्यांच्याशी बोलायचं नाही? बरं, मीच सांगते.

साहेब, ती म्हणतेय, फोनवर सही करता येत नाही. त्यासाठी यावं लागतं, बसावं लागतं. तर आधी नेमणुकीचं पत्र पाठवा आणि खुर्चीवरचं झाड उचला.

हॅलो?… हॅलो?… ठेवला तिनं.

नाही साहेब, दुरुस्त कागदावर मी माझ्या रकान्यात करते सही. ही घ्या, केली. दुसऱ्या रकान्यात नाही करणार… मग काय? मग राहू दे मशीन उभं. आणि फळ्यावरचा माझा तो हसरा चेहरा काढा. मी वर डबा संपवायला चाललेय.