ओली सतरंजी

माजं माहेर कोरेगावच्या बाजूला, सातारा जिल्हा, आन सासर त्याच्याच पल्याडचं, पन आता कुनी इचारलं तर मी कोपरखैरणंच सांगते, कारन मालक मार्केटात माथाडी आन आमच्या बिल्डिंगीत समदी तिकडचीच मानसं. मी महाप्याला एका कंपनीच्या कँटीनात चपात्या करते. आमी चौघी हाय, मळायचं, लाटायचं, भाजायचं, समदं उभ्यानं, आन मळलेल्या पिठाची परात दोघींनी मिळून उचलायची.

काय सांगू तुमाला, हे बोलायचं म्हंजे तोंड लपवावं वाटतंय. लिवून घेताय तर घ्या, पन नाव माजं घालू नका. मला तीन बाळंतपनं झाली. तिसऱ्याला पोरगा लई मोठा, दोन दिवस कळा काढल्या, आन सव्वा महिना व्हायच्या आत गवताचा भारा डोक्यावर घेतला, तवा कोन सांगनारं, आन सांगितलं असतं तरी कोन ऐकनारं. तवापास्नं शिंकलं, खोकलं, जड उचललं की लघवी सुटायची. आधी थेंबभर, मंग वाढत गेलं. मी जुन्या साडीच्या घड्या लावायचे, आन पानी प्यायचं बंद केलं. सकाळी चा घेतला की दुपारपतुर घोट न्हाय, मला वाटायचं आत पानीच न्हाय तर भायेर काय येनार. लई हुशार समजायचे मी सोताला.

आता फुगडीचं सांगते, पाप तिथं घडलं. आमच्या बिल्डिंगीखाली हाल हाय, नागपंचमीला तिथं बाया जमतात, फेर धरतात, झिम्मा, फुगडी, समदं गावच्यागत. माज्या फुगडीचं नाव व्हतं. तीन वर्सांमागं मी म्हटलं, आज नको, तर शेजारची विमल हाताला धरून ओढती, अगं तू नको म्हनतीस व्हय, आन मी गेले. दोन गिरक्या बऱ्या गेल्या. तिसरीला सुटलं, ते थांबवता थांबंना. मी हात सोडला, चक्कर आली म्हटलं, आन मटकन सतरंजीवर बसले, आत्याबाईंच्या शेजारी. आत्याबाई म्हंजे माज्या सासूबाई, सत्तरी कवाच उलटलेली. माजी साडी गडद जांभळी, साडीवर काय दिसलं न्हाय, पन सतरंजी भिजली, आन वास काय लपतो व्हय. विमल म्हनली, अगं बाई, हे वलं कशानं झालं. समद्या बघायला लागल्या. आन माज्या तोंडातनं निघालं, आत्याबाईंचं झालं असंल, वय झालं आता त्यांचं.

बोलून गेले. आत्याबाईंनी एकदाच माज्याकडं बघितलं. मंग म्हनल्या, व्हय गं बायांनो, मला समजलंच न्हाय. घरी आल्या, लुगडं बदललं. काढलेलं लुगडं मी हातात घेतलं तर कोरडं ठाक. त्यांनी ते माज्या हातातनं काढून घेतलं, बादलीत बुडवलं, पिळलं आन ग्यालरीत वाळत घातलं, समद्यांना दिसंल असं. मी काय केलं, मी पीठ मळायला बसले.

त्याच्यानंतर बाया काय वाईट वागल्या न्हाईत, उलट लई चांगल्या वागल्या, तेच नडलं. कुनाकडं बारसं असू दे, पूजा असू दे, आत्याबाई दिसल्या की कुनीतरी प्लास्टिकचा कागद आनून अंथरायचं, बसा आजी, निवांत बसा. दोन-तीनदा बसल्या त्याच्यावर. मंग जायच्याच बंद झाल्या. पंचमीला खिडकीत बसून खालची गानी ऐकायच्या, ओठ हलायचे नुसते. मी बघायचे. किती येळा म्हटलं आज सांगू, पन तोंड उघडायचं न्हाय.

औंदा उन्हाळ्यात मला लघवीला आग व्हायला लागली, ताप आला, म्हनून दवाखान्यात गेले. डॉक्टरीनबाईंनी इचारलं, पानी किती पिता. मी पदराचं टोक पिळत बसले. मंग हळूच म्हनल्या, शिंकताना सुटतं का हो मावशी. मला रडूच आलं, वीस वर्सांत कुनी इचारलं नव्हतं. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आन व्यायाम शिकवनाऱ्या पोरीकडं धाडलं, माज्या लेकीच्या वयाची. ती म्हनली, मावशी, लघवी आन वारा दोन्ही रोखल्यागत आतनं आवळायचं, वर ओढायचं, पाच मोजायचं आन सोडायचं. श्वास कोंडायचा न्हाय, पोट-मांड्या ढिल्या. दहा येळा, दिवसातनं तीनदा. लघवी करताना मातर न्हाय करायचं. जड उचलायच्या आधी आवळून धरायचं, आन पानी नीट प्यायचं. माजं मोजनं चुकायचं, म्हनून मी तव्यावर ठरवलं, चपाती टाकली की आवळायचं, उलटली की सोडायचं. पहिल्या दहा, मधल्या दहा, शेवटच्या दहा. कँटीनात कुनाला काय कळतंय.

महिनाभर काय फरक न्हाय, मी सोडनारच व्हते. तिसऱ्या महिन्यात एक दिवस परात उचलली, घरी येऊन बघते तर घडी कोरडी. खुश व्हायचं सोडून मी मोरीत बसून रडले. येवढ्याश्यासाठी मी म्हाताऱ्या मानसाला घरात कोंडलं व्हतं.

पंचमी आली. आत्याबाईंना म्हटलं चला, तर नको म्हनल्या. मी पाया पडले, तवा उठल्या. हालमधे गेलो तर विमल आलीच कागद घेऊन, मायेनंच हो, सतरंजीवर अंथरला, या आजी म्हनली. आत्याबाई बसायला वाकल्या, तर त्यांच्या आधी मीच त्याच्यावर बसले. म्हटलं, विमल, ह्यो माजा हाय. त्या दिवशी पन माजंच व्हतं, ह्यांचं लुगडं कोरडं व्हतं, मी खोटं बोलले. गानं थांबलं. विमल नुसती बांगड्या सारख्या करत राहिली. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. आत्याबाई माज्या शेजारी मोकळ्या सतरंजीवर बसल्या आन म्हनल्या, येवढं सांगायला तीन वर्सं लागली व्हय गं तुला. मी मान वर केली न्हाय.

दुसऱ्या दिवशी विमल दारात. ह्याच्यावर कुठं दवाखाना हाय का गं, माज्या जावेला पायजे म्हनली. मी म्हटलं, सांग जावेला, आन पत्ता दिला.

आत्याबाईंच्या दोन पंचम्या खिडकीत गेल्या, त्या मी कुठनं आनून देऊ. आता मी कामावर निघाले की त्या तांब्या घेऊन दारात उभ्या असतात. पी, म्हनत्यात, आन मी समदा पिऊस्तोवर हलत न्हाईत. मी पिते, पन त्यांच्या तोंडाकडं बघायचं अजून जमत न्हाय.