कॉम्प्युटरनं बुजवलेली शिट्टी

...नाही नाही, दात सुंदरच होता हो! दाताबद्दल माझी तक्रारच नाही. विसाव्या वर्षी असा दात नव्हता मला, तो एकाहत्तराव्या वर्षी आला. पण त्या सुंदर दाताला घेऊन करू काय मी? माझी कुत्री मला ओळखेना झाली, त्याचं काय?

तुम्हाला सांगते, झालं काय, कोकरांना औषध पाजत होते, एका हातात कोकरू, दुसऱ्यात बाटली, बूच काही निघेना, म्हणून लावला दात... हसू नका, आमच्या ओटागोच्या टेकड्यांत सगळेच लावतात... आणि कट्! पुढचा दात अर्धा बुचात, अर्धा तोंडात. मग गेले गिलिसांच्या दवाखान्यात. लग्न झाल्यापासून तिथेच जाते मी. म्हातारे डॉक्टर गिलिस दाताचा ठसा घ्यायला तोंडात ती गुलाबी कणीक कोंबायचे आणि वर विचारायचे, "काय नोलीन, मेंढ्या कशा आहेत?" आता तोंडात एवढा गोळा असताना माणसानं मेंढ्यांचं काय सांगायचं? पण विचारायचे बिचारे! आता त्यांचा मुलगा यूअन बसतो, आई इझबेल बाहेर टेबलावर असते. पोरगा गुणी आहे, हात हलका आहे. पण त्याच्याकडे कणीक नाही, कॉम्प्युटर आहे. आणि कॉम्प्युटरला कोण काय सांगणार?

मी सुईला घाबरते, म्हणून त्यानं नाकावर गुंगीच्या वायूची एक मऊ टोपी ठेवली. "श्वास घ्या, मिसेस टलक, हलकं वाटेल." अहो हलकं कसलं, मी गेलेच! खुर्ची राहिली खाली आणि मी तरंगतेय वर, लोकरीच्या ढिगात पडल्यासारखी... यूअन पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवतोय, आणि समोरच्या पडद्यावर माझे दात उगवतायत, एवढाले! टेकड्याच हो, आमच्याच टेकड्या, उन्हाळा सरतानाच्या, पिवळसर, अर्ध्या सावलीतल्या... आणि पुढच्या दोन दातांमध्ये माझी जन्माची फट आहे ना, ती खिंड झालेली, आणि त्या खिंडीतून मेंढ्या उतरतायत, एकीमागून एक, आवाज नाही, घाई नाही, मागून माझी कुत्री, टिग... किती छान वाटत होतं म्हणून सांगू! वाटलं, आता घरी जायलाच नको. आणि तेवढ्यात नदीच्या पलीकडून कुणी बोलावं तसा यूअन म्हणतो, "मिसेस टलक, कॉम्प्युटर म्हणतोय, नवा दात थोडा रुंद केला तर फट जाईल, हसू छान दिसेल. बुजवू?"

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बुजव रे राजा! तिकडून वारा फार येतो."

झालं! कोपऱ्यात ब्रेडच्या भट्टीएवढं यंत्र आहे, ते लागलं दात कोरायला. इझबेलनं चहा दिला, कप संपायच्या आत दात तयार! बसवला, आरसा दिला, मी हसले, इझबेल म्हणाली, "अगं, नवरी दिसतेस!" मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

घरी आले. टिग टेकडीवर, मेंढ्या तिच्यापुढे. मी तोंड वर केलं, शिट्टी मारली... फूऽऽस! परत मारली. फूऽऽस! अहो, माझी शिट्टी त्या फटीतून निघायची! टिग पिल्लू होती तेव्हापासून तिला तेवढीच भाषा येते. उभी राहिली, मान तिरकी केली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, अगदी अदबीनं, जशी काही, "बाई, आपण कोण? कुणाकडे आलात?"

टिग थकलीय हो आता. पाय दुखतात तिचे. शनिवारी मेंढ्या हाकायची स्पर्धा होती, तिची शेवटचीच, हे मलाही ठाऊक होतं आणि मला वाटतं तिलाही. आणि तिच्या शेवटच्या खेपेला मी मुकी झाले! बसले तिथेच गवतात आणि रडले. कुंपणापाशी आमचे यजमान, मर्डो, उभे, "अगं, नावानं हाक मार की!" मारली! वाऱ्यात कुणाचं नाव पोचतंय? "मग तुम्ही मारा शिट्टी!" तर ते कुठली मारणार? त्यांच्या एकविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी सगळे दात काढून कवळी करून दिली होती, भेट म्हणून! तेव्हा आमच्याकडे रीतच होती तशी. एकदाचा खर्च, जन्माची कटकट संपली. त्यामुळे टिगनं त्यांना कधी खिजगणतीतच धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले दवाखान्यात. टिगला घेऊन. यूअन म्हणतो, "मिसेस टलक, कुत्री आत?"

"मग शिट्टी जमली की नाही ते कोण सांगणार? तुझा कॉम्प्युटर?"

तर कॉम्प्युटरकडे माझा जुना दात नव्हताच, तुटलेलाच टिपून घेतलेला! म्हणजे आता सगळा अंदाज. यंत्रानं बारीक दात कोरला, मी शिट्टी मारली, टिगनं जांभई दिली. आणखी बारीक केला, टिगचा एक कान उभा! "केसभर अजून, यूअन!" "केसभर म्हणजे किती, मिसेस टलक? इथे आकडा घालावा लागतो!" बघा! केस म्हणजे किती, हेही त्याला माहीत नाही, आणि कॉम्प्युटरला कोण काय सांगणार? घातला त्यानं काहीतरी आकडा. दात आला, बसवला, मी खुर्चीत आडवी पडल्यापडल्याच मेंढ्या गोळा करायची शिट्टी मारली, आणि अहो, निघाली! लख्ख! माझी! आणि टिग?

टिग दारातून गेली बाणासारखी. बाहेर आरडाओरडा! यूअन धावला, मी गळ्यातल्या फडक्यासकट धावले, बघतो तर बाहेरची खोली रिकामी, आणि एक्स-रेच्या चिमुकल्या खोलीत इझबेल, शाळेच्या मास्तरीणबाई, गालाला बर्फ लावलेले दोन लोकर कापणारे गडी, सगळे एकमेकांना चिकटून उभे! उंबऱ्यावर टिग, पोट जमिनीला, नजर त्यांच्यावर. एक गडी म्हणतो, "बाई, हिला सांगा ना काहीतरी!" मी सांगणार कशी? मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मग परत बोलवायची शिट्टी मारली, आणि ती आली, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. त्या क्षणी मला कुणी सोन्याचा दात दिला असता तरी नको होता.

शनिवारी तिसऱ्या आलो आम्ही. टिग अशी चालली, अशी चालली की माणसं बोलायची थांबली.

इथे थांबायला पाहिजे होतं की नाही? पण यूअन म्हणाला, "ही फट आता कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलीय, मिसेस टलक. कधीही काढता येईल." मी कौतुक केलं! मला काय माहीत, कुणासाठी काढणार ते? आमचे मर्डो, मला न सांगता, गेले आणि म्हणाले, "माझी कवळी सैल झालीय, नवी कर. आणि नोलीनची फट घाल त्यात." यूअननं विचारायचं तरी मला! पण फट कॉम्प्युटरनं दिली, आणि कॉम्प्युटरला कोण काय सांगणार?

मी आपली वरच्या टेकडीवर. ऊन उतरलेलं, गवत सोनेरी, मेंढ्या शांत चरतायत, आणि खालून, घराकडून शिट्टी आली... माझीच! परत बोलवायची! वाटलं, मीच तिकडे पायरीवर उभी आहे आणि मीच मला बोलावतेय... टिगनं माझ्याकडे बघितलं, घराकडे बघितलं, आणि निघाली की! इतक्या वर्षांची माझी कुत्री! खाली मर्डो, कमरेला एप्रन, हातात बटाट्यांचं पातेलं, आणि तोंडभर कॉम्प्युटरचं हसू.

भांडणार होते मी. खूप भांडणार होते. पण आता रोज संध्याकाळी ती शिट्टी येते, टिग कान टवकारते, उताराला लागते... आणि मी? मीही निघते हो तिच्यामागून. काय करणार? बटाटे गार होतात!